दादा कामाला जायला लागला

माझा भाऊ माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. मी दहावीत होते त्या वर्षी त्याची शाळा संपली. संपली म्हणजे त्याचं शिकून झालं असं नाही. ती विशेष मुलांची शाळा होती, तिथं अठरा वर्षांपर्यंतच ठेवत. दादा अठराचा झाला आणि घरी आला. त्याच्यासारख्या मोठ्या माणसांसाठी त्यापुढचं काही नाशकात आहे का, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. कुणाला विचारायचं, हेही माहीत नव्हतं.

मग तो घरीच राहिला. त्याचं घरी असणं आमच्या इतकं अंगवळणी पडलं, की मी कॉलेज संपवून सकाळच्या शाळेत शिकवायला लागले तरी त्याच्या दिवसात काही बदललेलं नव्हतं. बुटका, अंगानं भरलेला, केस पाण्यानं चापून बसवलेले. बोलायचा थोडं, समजायचं त्याला पुष्कळ. उघडी वस्तू मात्र त्याला सहन होत नसे. आई वाढायला डबा उघडी, की तो मागून येऊन झाकण लावी. कपाटं, खिडक्या, शेजाऱ्यांचं फाटक, बाबा वाचत असलेला पेपर, सगळं तो मिटून ठेवी. डब्यांची झाकणं इतकी घट्ट लावी, की आईला ती चमच्यानं उचकटावी लागत. यावरून बाबा कधी चिडत, आई कधी हसे. सिडकोतल्या आमच्या त्या दोन खोल्यांत आईचा सगळा दिवस त्याच्याभोवती जाई. लग्नकार्याला जायचं तर आम्हा तिघांपैकी कुणीतरी एक जाई, आणि ती आई कधीच नसे.

एका दुपारी मी शाळेतून येऊन जेवत होते, तेव्हा एक बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या असतील. मोपेड बाहेर लावली होती. त्यांनी दादाला रोज ओट्यावर उभं राहिलेलं पाहिलं होतं म्हणे, येता-जाता. आईनं त्यांना आत घेतलं, चहा टाकला. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि विचारलं,

"हा दिवसभर काय करतो?"

"काही नाही," आई म्हणाली. "शहाणा आहे तसा. त्रास देत नाही."

"त्रासाचं नाही विचारलं मी. करतो काय?"

डॉक्टरांनी, नातेवाइकांनी, शेजारणींनी आजवर आम्हाला पुष्कळ विचारलं होतं. हा जेवतो का हातानं, झटके येतात का, जन्मापासून असाच का. पण तो काय करतो, असं कुणी विचारलं नव्हतं.

त्या बाईंची मुलगीही दादाच्याच वयाची होती. बोलायची नाही, आणि तीही शाळा सुटल्यावर घरीच बसली होती. त्यांच्यासारखे काही आईवडील एकत्र आले होते. गंगापूर रोडला एकांनी आपल्या घराचा खालचा मजला देऊ केला होता. या मुलांना शिकवायचं रीतसर शिक्षण घेतलेल्या एक ताई सिन्नरहून रोज एसटीनं यायच्या. तिथं ही मोठी मुलं वाती वळायची, पाकिटं करायची. शाळा नव्हती ती. कामाची जागा होती. "पाठवा त्याला," बाई म्हणाल्या. त्या निघून गेल्यावर आई म्हणाली, "पाठवा म्हणे. याला कुणी हसलं, मारलं, तर हा घरी येऊन सांगणार आहे का?" आणि तो विषय तिच्यापुरता संपला.

बाबा सातपूरच्या कारखान्यात होते. मितभाषी माणूस. रात्री जेवताना त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पहिली पाळी संपल्यावर ते परस्पर तिकडे गेले आणि नेहमीपेक्षा उशिरा घरी आले. पाय धुता धुता त्यांनी आईला सांगितलं, की तिथं सतरंज्या आहेत, पंखा आहे, मुलं खाली मान घालून काम करतात, आणि एक मुलगा त्यांना पाणी घेऊन आला. मग म्हणाले, "मला पाणी दिलं त्यानं. हातानं. उद्या मी याला नेतो."

आई सोबत गेली, आणि पहिले बरेच दिवस तिथंच व्हरांड्यात बसून राहिली. सिन्नरच्या ताईंनी तिला जा म्हटलं नाही. त्यांनी तिच्यापुढं कापसाची पिशवी ठेवली आणि सरकी काढून द्याल का, असं विचारलं. काही दिवसांनी त्या म्हणाल्या, जवळच भाजी चांगली मिळते, घेऊन या, तोवर हा आहे आमच्याजवळ. आई भाजी घेऊन धावत परत आली. दादाला ती गेल्याचं कळलंही नव्हतं. मग ती दुपारी घरी जाऊन यायला लागली, आणि पुढं सकाळी सोडून संध्याकाळी न्यायला. हे इतकं हळूहळू झालं, की आई म्हणायची, मला कधी फसवलं ते समजलंच नाही.

दादाला वाती वळता येईनात. त्याची बोटं जाड, कापूस हातात गोळा व्हायचा, आणि तो उठून सगळ्यांचे डबे बंद करत फिरायचा. बाकीची मुलं वैतागायची. ताईंनी त्याला रागावलं नाही. त्यांनी काही दिवस फक्त पाहिलं, आणि मग वातींची पाकिटं बंद करायचं लहानसं सीलिंग मशीन त्याच्यापुढं आणून ठेवलं. पाकिटाचं तोंड मशीनमध्ये धरायचं, वरचा दांडा दाबायचा, दिवा विझला की सोडायचा. भाजू नये म्हणून आधी त्यांनी त्याचा हात आपल्या हातात धरून करून घेतलं. पहिलं पाकीट बंद झालं तेव्हा दादानं ते उलटसुलट करून पाहिलं, ओढून पाहिलं. उघडलं नाही. मग त्यानं दुसरं उचललं. त्या दिवशी संध्याकाळी त्याला तिथून उठवताना आईला त्याची समजूत घालावी लागली.

महिना संपल्यावर त्याला कामाचा मोबदला मिळाला, पांढऱ्या लिफाफ्यात. तो लिफाफा त्यानं घरी आणून बाबांच्या हातात दिला आणि उघडू दिला नाही. बाबांनी तो तसाच देवापाशी ठेवला.

पुढचं काम होतं बस शिकायचं. सिडकोतून सिटी बसनं सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरायचं आणि तिथून गंगापूर रोडची बस धरायची. आईचा जीव वरखाली होत होता. पण ताईंचं म्हणणं, की तुम्ही त्याला जन्मभर सोडायला येणार आहात का? आधी त्या शेजारी बसून जायच्या, मग मागच्या बाकावर, मग दुसऱ्या दारानं चढायच्या आणि त्याला दिसायच्या नाहीत. दादाच्या शर्टाच्या खिशात पास आणि पत्त्याचा कागद असे. वर्षभरात तो एकटा जायला लागला. कंडक्टर ओळखायला लागले. घरून निघताना त्याचा चेहरा असा असे, की आपल्याला उशीर होतोय आणि लोकांना त्याचं काही नाही.

मग एका श्रावणी सोमवारी तो कामावर पोचलाच नाही.

मी शाळेतून आले तेव्हा आई पायरीवर बसली होती आणि मोपेडवाल्या काकू तिच्याजवळ उभ्या होत्या. ताईंनी शेजारच्यांकडे फोन करून विचारलं होतं, आज येणार नाही का तो? तो तर नेहमीच्या वेळी निघाला होता. तोवर काकूंनी फोन फिरवले होते. कामाच्या जागी येणाऱ्या मुलांचे वडील स्कूटरी काढून निघाले होते. एक सीबीएसला, एक निमाणीच्या बसस्थानकावर, एक पंचवटीत नदीकाठी. एक गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले, ते नाशिकरोड स्टेशनवर. ज्यांना आम्ही महिन्यातून एकदा पालकांच्या सभेत भेटायचो, ज्यांच्याशी आमचं नातं ना गोतं, ती माणसं आपापली कामं टाकून माझ्या भावाला शोधत होती. आई रडत नव्हती. ती फक्त सारखी म्हणत होती, "त्याला खिशाला हात लावलेला चालत नाही. कुणाला पत्ता कळणार?"

दुपार कलली तेव्हा कामाच्या जागी फोन आला. त्र्यंबकेश्वरहून. देवळाच्या वाटेवर पूजासाहित्याचं दुकान चालवणाऱ्या एक बाई बोलत होत्या. ताईंनी तो फोन आम्हाला नंतर कितीदा तरी सांगितला, म्हणून तो मला पाठ आहे. बाई म्हणाल्या, "तुमच्या वातीच्या पाकिटावर हा नंबर हाय, म्हणून लावला. तुमचा कोणी माणूस हाय का हा? सकाळपासून माझ्या दुकानात तुमची पाकिटं तपासतोय. दोन बाजूला काढून ठेवली. खराब म्हणतो."

झालं होतं ते असं. श्रावणी सोमवारची गर्दी, त्र्यंबकला जादा गाड्या सोडलेल्या. सीबीएसला त्याची बस रोज जिथं उभी राहते तिथं त्र्यंबकची गाडी लागली होती, आणि दादा रोजच्याप्रमाणे तिच्यात चढून बसला. खिशातला पास त्यानं नेहमीप्रमाणे दाखवला असेल, आणि यात्रेकरूंच्या त्या घोळक्यात कंडक्टरला वाटलं असेल, यांच्याबरोबरचाच आहे. त्र्यंबकला सगळे उतरले, तोही उतरला. लोकांच्या मागं चालत राहिला. आणि मग एका दुकानात त्याला आपली पाकिटं दिसली.

काकूंच्या ओळखीतल्या एका पालकांकडे गाडी होती. त्यांनी आईला आणि मला नेलं. दादा दुकानात एका स्टुलावर बसला होता. समोर टोपलीत वातींची पाकिटं, आणि तो एकेक उचलून तोंड ओढून पाहत होता. दुकानवाल्या बाईंनी त्याला चहा दिला होता, राजगिऱ्याचा लाडू दिला होता. सोमवारची सगळी गिऱ्हाइकं त्याच्या अंगावरून वाकून फुलं-बेल घेत होती आणि तो त्यांच्याकडे बघतही नव्हता. आईला पाहून त्यानं बाजूला काढलेली दोन पाकिटं तिच्या हातात दिली. "खराब," तो म्हणाला.

आईनं ती घेतली. खरंच त्यांचं तोंड एका कोपऱ्यात सुटलं होतं. दुकानवाल्या बाई म्हणाल्या, "लय शांत माणूस हाय. मला कायबी त्रास नाय. उलट माझे कुंकवाचे डबे सगळे लावून दिले त्यानं."

परतीच्या वाटेवर गाडीत मला वाटत होतं, आता त्याचं कामाला जाणं बंद होणार. काकूंनाही वाटत असावं, कारण त्या संध्याकाळी आमच्याकडे आल्या तेव्हा त्या गोष्टीला हात न घालता इकडचं तिकडचं बोलत राहिल्या. ताई आल्या, शोधायला गेलेले दोघंतिघं आले. आईनं सगळ्यांसाठी पोहे केले. बशा देता देता तिनं ताईंना विचारलं, "बस त्याला परत शिकवाल ना? गाडीवरची पाटी ओळखायला शिकवा या वेळी."

ताईंनी शिकवलं. अक्षरं त्याला आली नाहीत, पण पाटीचा रंग आणि आकडा आला, आणि कंडक्टरला "गंगापूर?" असं विचारायला तो शिकला. तो शब्द त्याच्या तोंडून नीट यायला बराच काळ गेला.

पालकांच्या त्या सभेत एक पद्धत होती. कुणाला गावाला जायचं असलं, दवाखाना असला, किंवा नुसतं दमायला झालं असलं, की त्यांचं मूल दुसऱ्या घरी दोनतीन दिवस पाहुणं जाई. आईनं दादाला कुणाकडे पाठवलं नव्हतं. पण काकूंच्या घरी लग्न निघालं तेव्हा तिनं आपणहून सांगितलं, तुमची मुलगी माझ्याकडे राहू दे. ती मुलगी आमच्याकडे आली. पहिल्या दिवशी ती खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली. आईनं तिला उठवलं नाही. शेजारी बसून लसूण सोलत राहिली, आणि सोललेल्या पाकळ्या दोघींच्या मधे ठेवत गेली. संध्याकाळी पाहते तर मुलगी लसूण सोलत होती. ती परत गेली त्या दिवशी आई म्हणाली, "मला वाटायचं, आपल्या पोराचं दुसऱ्या कुणाला जमणारच नाही. मला तिचं जमलं, मग तिच्या आईला याचं का नाही जमणार?"

हे तिला कळलं ते बरं झालं, कारण पुढं तशी वेळ आली. नव्या शतकाच्या सुरुवातीला बाबा गेले, हृदयविकारानं, काही करायला सवड न देता. माझं लग्न झालेलं होतं, मुलगी तान्ही होती. त्यानंतरच्याच उन्हाळ्यात आई न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करावं लागलं. मी दवाखान्यात, मुलगी सासूबाईंकडे, आणि दादा काकूंकडे. पहिल्या दिवशी तो जेवला नाही. काकूंनी ते लपवलं नाही. फोन करून मला सांगितलं, आणि आईला एवढ्यात सांगू नको म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीनं आपलं ताट उचलून त्याच्यापुढं सरकवलं आणि तिथंच बसून राहिली. तो जेवला. मग दोघं रोज बरोबर कामावर जायला लागले. दवाखान्यात आमचा डबा कधी बाहेरून आणावा लागला नाही. कोण कधी आणणार, हे त्या पालकांनी आपसात ठरवलं होतं, आणि मला कधी विचारायला लावलं नाही.

आई काठी घेऊन चालायला लागली तशी ती विचारही करायला लागली असावी. त्याच सुमारास पालकांनी मखमलाबादच्या बाजूला, द्राक्षबागांच्या कडेला, एक घर भाड्यानं घेतलं होतं. काही मोठी मुलं तिथं राहणार, पेठकडचं एक जोडपं त्यांच्यासोबत राहणार, सकाळी सगळे कामाला जाणार आणि संध्याकाळी घरी येणार. आईनं दादाचं नाव तिथं दिलं आणि मग मला सांगितलं. मी भांडले. मी आहे ना, म्हटलं. माझ्याकडे राहील तो.

"तू ठेवशील, मला माहीत आहे," आई म्हणाली. "पण तुझ्याकडे तो तुझा भाऊ म्हणून राहील. तिथं तो त्याच्या माणसांत राहील. आणि मी आहे तोवरच जाऊ दे त्याला. रडला, बिनसलं, तर मी आहे. मी गेल्यावर एकाच दिवशी आईही गेली आणि घरही गेलं, असं नको व्हायला."

भाऊबंदांत बोललं गेलं, की म्हातारीनं पोराला टाकलं. आईनं दादाच्या पिशवीत कपडे भरले आणि पहिल्या सोमवारी त्याला स्वतः सोडून आली. पहिल्या आठवड्यात तो दोनदा दाराशी जाऊन उभा राहिला, असं त्या जोडप्यातल्या पेठच्या मावशींनी सांगितलं. त्या त्याच्याशी त्यांच्या डोंगराकडच्या बोलीत बोलत, आणि तो काय ते समजे. शनिवारी तो घरी आला, आईच्या हातचं जेवला, रविवारी माझ्या मुलीशी खेळला आणि सोमवारी सकाळी लवकर उठून पिशवी घेऊन तयार बसला. कामाला जायचं होतं. आईला त्याचं वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

त्या माणसांचे आभार मी कधी धड मानले नाहीत. सभेत तशी रीतच नव्हती. कुणी आभार मानायला लागलं, की रेल्वेवाले काका म्हणत, पुढच्या वेळी तुम्ही या, म्हणजे झालं. म्हणून मग मी जात राहिले. कुणाचा डबा पोचवला, कुणाला दवाखान्यात सोबत केली, कुणाची मुलगी रविवारी घरी आणली. आमच्या घरी कधी जे कुणी करून गेलं, ते मला दुसऱ्याच्या घरी करावं लागलं, तेव्हा मला समजलं की ते किती होतं. मोपेडवर फिरून दारं वाजवणं किती अवघड असतं, तेही तेव्हाच समजलं. पुष्कळ घरांतून लोक आत घेत नाहीत.

आईची धाकटी बहीण कळवणला असते. दादा मखमलाबादला रुळल्यावर त्या दिवाळीनंतर आई तिच्याकडे राहायला गेली, चांगली आठवडाभरासाठी. मी तिला एसटीत बसवून दिलं. काठी, पिशवी, बहिणीसाठी चिवड्याचा डबा. दोन दिवस तिचा काही निरोप नाही. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. इकडे थंडी फार आहे म्हणाली, मावशीच्या मळ्यातला कांदा चांगला आलाय म्हणाली, सकाळी जाग आली तर ऊन वर आलेलं होतं, मला कुणी उठवलंच नाही, असंही म्हणाली. मग विचारलं, दादा कसा आहे. मी सांगायला लागले, की काल मी जाऊन आले, तो जेवत होता, माझ्याकडे बघायलाही त्याला वेळ नव्हता. पण तिकडे मावशी तिला हाका मारत होती.

"बरं, ठेवते आता," आई म्हणाली. "आम्ही वणीच्या गडावर निघालोय, जीप थांबलीय."